धुरपदाचा सरळ टाका

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी राहिलं नाही. एका उंच डोंगराच्या माथ्यावर चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. उन्हाळा तिथं पाहुण्यासारखा यायचा आणि थंडी घरच्यासारखी राहायची. थंडी तरी कसली, हाडं फोडणारी! दिवाळी सरली की रांजणातल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. मग त्या गावाला आधार एकच, गोधडीचा.

आता गोधडी कशी करतात ते तुम्हाला मी काय सांगावं! जुनी लुगडी, धोतरं, विटलेले फेटे एकावर एक अंथरायचे आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जायचं. टाका घट्ट असेल तर थर जागचे हलत नाहीत, ऊब धरून ठेवतात. टाके नसतील तर आतल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा होतात आणि पांघरणारा रात्रभर कुडकुडतो. शिवाय कितीही मन लावून शिवा, दोन-तीन हिवाळे आणि चार धुणी झाली की गोधडी विरतेच. त्या गावाला दरसाल नव्या गोधड्या लागायच्या.

तिथं धुरपदा नावाची बाई राहायची. नवरा कधीचाच गेलेला. पदरात एकच लेक, हौसा, तीही गावातच दिलेली, चार घरं सोडून. धुरपदाच्या हातात देवानं काय घातलं होतं कोण जाणे! तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकासारखा एक, आणि ओळ अशी सरळ की बघत राहावं. तिची गोधडी उन्हात पडली की पाण्याला निघालेल्या बायका घागरी कमरेवर घेऊन तिथंच थांबायच्या.

पूर्वी गावात घरोघरी गोधड्या शिवल्या जायच्या. कुणाची बरी, कुणाची वेडीवाकडी. पण धुरपदाची गोधडी शेजारी आली की बाकीच्या बायकांना आपली लपवावीशी वाटायची. हळूहळू एकेक जण जुनेर काखोटीला मारून तिच्या दारात यायला लागली. "धुरपदा, तूच घाल गं बाई टाका. आमचं मेलं कोंबडीनं उकरल्यासारखं होतं." धुरपदाला नाही म्हणता यायचं नाही, आणि खरं बोलायचं तर म्हणावंसंही वाटायचं नाही. कौतुक कुणाला नको असतं? अशी वीस वर्षं गेली. चाळीस घरांची ऊब एका बाईच्या बोटांवर आली आणि बाकी घरांतल्या सुया गंजून गेल्या.

एके दिवशी सुईत दोरा ओवताना धुरपदाचा हात थरथरला. पुन्हा ओवायला गेली, पुन्हा थरथरला. तिनं वैद्याला हात दाखवला. वैद्य म्हातारा होता आणि खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

"बाई, हा कंप आहे. याला माझ्याकडं औषध नाही. फार तर दोन हिवाळे ही बोटं तुझं ऐकतील. मग नाही ऐकायची."

"आणि मग गावानं काय पांघरायचं?" धुरपदानं विचारलं.

वैद्य खाटेवरच्या गोधडीकडं बघायला लागला. त्याच्याही घरची गोधडी तिच्याच हातची होती.

त्या दिवसापासून धुरपदाच्या जिवाला एकच घोर लागला. आपली बोटं थांबायच्या आत आपला हात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात उतरला पाहिजे, नाहीतर ही थंडी गावाला खाऊन टाकील. तिनं घरोघर जाऊन पोरी मागितल्या. सात जणी आल्या. गुणा आली, ठकी आली, बिजली आली, आणखी तिघी आल्या, आणि सगळ्यांच्या आधी येऊन बसली ती हौसा. लहानपणापासून आईच्या मांडीशी बसून तिनं टाके मोजले होते, पण आईनं कधी सुई हातात दिली नव्हती. "टोचेल गं," म्हणायची.

धुरपदाच्या अंगणात शाळा भरली. आणि शिकवायची तरी किती जीव लावून! एकेक कापड हातात घेऊन पोरींना विचारायची, "हा तुझ्या आज्याचा फेटा ना? मग याला मधोमध घाल, पांघरलं की छातीवर आला पाहिजे." मऊ कापड अंगाकडून, जाड कापड वरून. दोरा फार लांब घेऊ नये, गुंतेल. आळशी बाईचा दोरा लांब, असं म्हणून ती हसायची आणि पोरीही हसायच्या. दुपारपर्यंत त्या अंगणात बांगड्यांचा आणि हसण्याचा नुसता आवाज असायचा. इतक्या वर्षांत धुरपदा इतकी सुखात नव्हती.

पण टाके! अगं बाई, ते टाके!

नवशिक्या पोरींचे टाके ते. गुणाचा टाका बोटभर लांब. ठकीची ओळ पूर्वेला निघायची आणि दक्षिणेला पोचायची. बिजलीच्या हाताला घाम यायचा, तिचा दोरा काळा पडायचा. आणि हौसा तर डावरी. डाव्या हातानं शिवायची, त्यामुळं तिचा प्रत्येक टाका उलट्या बाजूला कलायचा. तसा घट्ट होता, ओढून बघितला तरी निघायचा नाही. पण कललेला तो कललेलाच. धुरपदाच्या डोळ्यांत तो कुसळासारखा सलायचा.

ती पोरींना बोलायची नाही. पोटच्या पोरीसारख्या त्या, कशाला मन मोडायचं? "छान गं, छान," म्हणायची. दुपारी पोरी घरी गेल्या की कवाड लावायची, गोधड्या मांडीवर घ्यायची आणि त्यांचे टाके पटापट उसवायची. मग त्याच ओळीवरून, त्याच दोऱ्यानं, स्वतःच्या हातचे सरळ टाके घालायची. बोटं थरथरायची, तरी घालायची. मनाशी म्हणायची, बिचाऱ्यांना घरी कुणी नावं ठेवायला नकोत. आणि मनाच्या तळाशी दुसरंही एक होतं, ते ती स्वतःलाही सांगायची नाही. मार्गशीर्षाच्या पुनवेला देवळाच्या पारावर गावातल्या नव्या गोधड्या पसरायची रीत होती. सगळं गाव बघायला यायचं. धुरपदाच्या हाताखालच्या पोरींनी असं वेडंवाकडं शिवलेलं लोकांनी बघायचं? छे! तिची मान खाली गेली असती.

दुसऱ्या दिवशी पोरी यायच्या, गोधडी उलगडायच्या आणि चकित व्हायच्या. "काकी, काल इतकं चांगलं झालं होतं?"

"मग? हात बसायला लागला तुमचा," धुरपदा म्हणायची.

पोरी फुशारायच्या. ठकीनं तर घरी सांगितलं, "धुरपदाकाकीचा आणि माझा टाका आता ओळखू येत नाही!" खरंच होतं ते. यायचा तरी कसा?

पुनव आली. पारावर सात गोधड्या पसरल्या. गाव लोटलं, बायकांनी तोंडात बोटं घातली. धुरपदा बाजूला उभी होती आणि तिचा ऊर भरून आला होता.

गावात सोनबा आजा म्हणून एक आंधळा म्हातारा होता. गोधड्या बघायची त्याची वेगळी तऱ्हा होती, तो बोटांनी बघायचा. जुन्या काळी तो गोधडीवरून हात फिरवून सांगायचा, ही अमकीनं घाईत शिवली, हिचं पोर रडत असणार. ही तमकीची, माहेरची आठवण आली होती वाटतं तिला. लोक हसायचे, आणि बहुतेकदा ते खरं निघायचं. वीस वर्षांत त्याला हा खेळ खेळता आला नव्हता. आज सात नव्या हातांच्या गोधड्या म्हणून तो काठी टेकत मोठ्या हौसेनं आला.

त्यानं पहिल्या गोधडीवरून हात फिरवला. दुसरीवरून फिरवला. सातही झाल्या. मग तो खाली बसला.

"धुरपदे," तो म्हणाला, "पोरी सात आणि हात एकच गं. या पोरी कुठायत यात?"

धुरपदानं हसून वेळ मारून नेली. "आजा, माझ्या हाताखाली शिकल्या, मग माझ्यासारखाच टाका पडणार की!"

"मी आंधळा आहे, खुळा नाही," आजा म्हणाला. "माझ्या सुना माझ्याच घरात वीस वर्षं भाकरी थापतायत, एकीची भाकरी दुसरीसारखी नाही. तू पोरींचं उसवलंस, धुरपदे. अगं, वाकडं असू दे, पण त्यांचं असू दे!"

सातही पोरी खाली मान घालून उभ्या होत्या. ठकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हौसा आईकडं नुसती बघत राहिली.

तुम्हाला वाटेल, पोरी रागावून शाळा सोडून गेल्या. तशा गेल्या असत्या तर बरं झालं असतं, रागानं तरी घरी बसून शिवलं असतं काहीतरी. पण त्या दुसऱ्या दिवशी गुमान आल्या. फक्त हसणं बंद झालं. आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. गुणा टाका घालायची, त्याच्याकडं बघायची, धुरपदाच्या टाक्याशेजारी ठेवून बघायची आणि स्वतःच उसवायची. पुन्हा घालायची, पुन्हा उसवायची. तिचं बघून ठकी, ठकीचं बघून बिजली. दुपारपर्यंत सात पोरींचे मिळून सात टाके व्हायचे नाहीत.

धुरपदाला हे दिसलं. आणि सांगू का, तिला बरंच वाटलं! "आता यांना नजर आली," ती म्हणाली. "चुकलेलं कळायला लागलं, म्हणजे शिकल्याच." माणूस एवढं शहाणं असतं आणि तरी आपल्याच घरात कसं आंधळं असतं, बघा.

एक हौसा तेवढी उसवत नव्हती. तिला सातवा महिना लागला होता, पहिलटकरीण म्हणून आईकडं राहायला आली होती. त्या गावात जुनी रीत अशी की बाळाचं पहिलं दुपटं आईनं आपल्या हातानं शिवायचं. हौसानं धुरपदाचं मऊ झालेलं जांभळं लुगडं घेतलं आणि आठ दिवस बसून डाव्या हातानं दुपटं शिवलं. टाके सगळे डावीकडं कललेले, पण घट्ट. शेवटची गाठ मारून तिनं ते पोटावर ठेवलं आणि म्हणाली, "आये, हे मी केलं. मी एकटीनं." मग दमून तिथंच झोपी गेली.

धुरपदा शेजारी बसली होती. तिनं दुपटं हातात घेतलं. माझ्या लेकीच्या बाळाचं पहिलं पांघरूण, आणि हे असं? बारशाला चाळीस घरच्या बायका येतील, बाळाला हातात घेतील. तिला आजाचे शब्द आठवले नाहीत असं नाही, आठवले. पण बोटं आधीच दोरा शोधत होती. रात्रभर दिव्याशी बसून, हौसा जागी व्हायच्या आत तिनं सगळं दुपटं उसवलं आणि थरथरत्या हातानं पुन्हा शिवून काढलं. तिच्या आयुष्यातलं ते शेवटचं सरळ काम होतं.

हौसा उठली. दुपटं बघितलं, उलटं करून बघितलं.

"आये, माझा टाका कुठं गेला?"

"हा काय, तुझाच की. थोडा सारखा केला नुसता. बाळाला चांगलं नको का?"

"वाकडा राहिला असता तर तीटच झाली असती गं बाळाला," हौसा म्हणाली. "नजर नसती लागली."

एवढंच बोलली. मग दोऱ्याच्या गुंडीत सुई टोचून ठेवली, उठली आणि चुलीकडं गेली. त्यानंतर हौसानं सुई हातात घेतली नाही. धुरपदाला वाटलं, रुसली आहे, बाळ झालं की विसरेल. मुलगी झाली, गोरीपान, हसरी. पण हौसा विसरली नाही.

धुरपदाच्या बोटांचे दोन हिवाळे असे सरले. तिसऱ्या पावसाळ्यात हात असे कापायला लागले की भाकरीचा तुकडासुद्धा तोंडापर्यंत धड जाईना. गेल्या हिवाळ्यात नवी गोधडी एकही झाली नव्हती आणि गावातल्या जुन्या विरल्या होत्या, हातात धरली तर पलीकडचं दिसायचं. आणि त्या साली थंडी दसऱ्यालाच आली. आली ती अशी आली, की गोठ्यातली वासरं उभ्या उभ्या आखडली.

पूर्वी शिवणाऱ्या बायका वीस वर्षांत हात मोडला म्हणत मागं सरल्या, तेव्हा लोकांनी जुनेर गोळा केलं आणि धुरपदाच्या अंगणात ढीग घातला. कापड भरपूर होतं. सुया घासून लखलखीत केल्या होत्या. दोरा होता, सात शिकलेल्या पोरी होत्या. आता काय उणं होतं?

"पोरींनो, बसा," धुरपदा म्हणाली. "भराभर घाला टाके. आठ दिवसांत सात गोधड्या झाल्या तर लहान लेकरांना तरी पुरतील."

पोरी बसल्या. गुणानं एक टाका घातला, त्याच्याकडं बघितलं आणि उसवला. ठकीनं घातला आणि उसवला. बिजलीचे हात गारठले होते, तरी तिनं तीन घातले आणि तिन्ही उसवले. दिवस मावळतीला आला, तरी एका गोधडीचा एक काठही झाला नव्हता.

"अगं काय करताय!" धुरपदा ओरडली. "राहू द्या की वाकडा!"

"राहवत नाही काकी," ठकी रडत म्हणाली. "घातला की दिसतंच ना, हा बरोबर नाही. हात आपोआप मागं जातो."

धुरपदा कापत कापत उठली आणि हौसाच्या दारात गेली. हौसा मुलीला छातीशी धरून चुलीपुढं बसली होती. मुलीचा श्वास घरघरत होता. अंगावर ते जांभळं दुपटं होतं, पण ते तान्ह्या बाळाएवढं, आता मुलीच्या गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हतं.

"हौसा, तू तरी ये गं," धुरपदा म्हणाली. तिनं लेकीचे पाय धरले. होय, आईनं लेकीचे पाय धरले! "डाव्या हातानं शीव. कसंही शीव. पण शीव बाई. माझं चुकलं."

हौसानं मुलगी आईच्या मांडीवर दिली. आतून दोन फाटकी लुगडी आणली, एकावर एक अंथरली आणि सुई डाव्या हातात धरली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं टाका घातला. तो डावीकडं कलला. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं सुईच्या टोकानं तो उचलला आणि उसवला.

"नको उसवू!" धुरपदा किंचाळली.

"मला येत नाही, आये," हौसा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि धुरपदाला वाटलं, राग असता तर किती बरं झालं असतं. "घालायला तू शिकवलंस, ते काही मला लागलं नाही. उसवणं तेवढं लागलं."

धुरपदानं मग स्वतः सुई उचलली. दोरा ओवता आला नाही, तो हौसानं ओवून दिला. पण धुरपदाचा थरथरता टाका आडवातिडवा पडला, आणि काय सांगावं, तिच्याही हातानं तो उसवला! वीस वर्षांची सवय ती. आई आणि लेक समोरासमोर बसून एकेक टाका घालत होत्या आणि काढत होत्या, मधे ती पोर घरघरत होती.

त्या हिवाळ्यात गावातली नऊ माणसं गेली. पाच म्हातारी, चार लेकरं. सोनबा आजा गेला. हौसाची मुलगी गेली. तिची छाती भरली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती हसायची थांबली. हौसानं तिला त्या जांभळ्या दुपट्यातून काढलं आणि आपल्या अंगावरच्या लुगड्याचा पदर फाडून त्यात गुंडाळून नेलं. दुपटं घरीच ठेवलं. का ते तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि धुरपदाला विचारावं लागलं नाही.

फाल्गुनात बर्फ वितळून वाट मोकळी झाली तेव्हा उरलेली घरं उठली. जिथं थंडी कमी तिथं जाऊ, म्हणत माणसं डोंगर उतरून गेली. कुणी धुरपदाला शिव्या दिल्या नाहीत. दोघी-तिघींनी तर "चल गं आमच्याबरोबर" असंही म्हटलं. हौसा मात्र मागं वळूनही न बघता गेली. धुरपदा वर राहिली.

रिकाम्या गावातल्या त्या अंगणात, जुनेराच्या ढिगाशेजारी बसून, एके दिवशी तिनं दोन कापडं एकावर एक ठेवली. दोरा ओवायला सगळी सकाळ गेली. मग तिनं टाका घातला. तो वाकडा पडला. तिनं दुसरा घातला, तो त्याहून वाकडा. या वेळी तिनं एकही उसवला नाही. आडव्यातिडव्या टाक्यांची ती गोधडी पुरी व्हायला सगळा उन्हाळा गेला. झाली तेव्हा तिनं ती ओढून बघितली. घट्ट होती. थर जागचा हलत नव्हता. कुणालाही सहज ऊब आली असती तिच्यात. पांघरणारं लेकरू मात्र आता त्या डोंगरावर एकही नव्हतं.

तात्पर्य: शिकणाऱ्याचा वाकडा टाका ज्याला बघवत नाही, तो त्याला उसवण्यापलीकडं काहीच शिकवू शकत नाही.